डिबेट कोच कसं व्हायचं, आणि पदरात नक्की काय पडतं

आधी एक गैरसमज काढून टाकते. इकडे अमेरिकेत हायस्कूलच्या स्पीच आणि डिबेटला फोरेन्सिक्स असंही म्हणतात, आणि मी पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं की मी आता शनिवारी शाळेत फोरेन्सिक्सला जाते तर साताऱ्यात निम्म्या आळीला कळलं की हिने आयटी सोडली आणि आता खुनाच्या केसेस बघते. तर तसं काही नाही. आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा आणि वादविवाद स्पर्धा असायच्या ना, त्या दोन्ही एकत्र करून त्यांना फुटबॉलसारखा सीझन, लीग, कोच, ट्रॉफ्या आणि पिवळी बस लावली की जे होतं ते हे.

मी न्यू जर्सीत असते, गेली काही वर्षं एका पब्लिक हायस्कूलच्या टीमची असिस्टंट कोच आहे, पगार शून्य. मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कोणीतरी विचारतंच की अगं तुझा मुलगा तर केव्हाच कॉलेजला गेला, मग तू अजून कशाला जातेस, आणि पाठोपाठ दुसरं कोणीतरी बाजूला घेऊन विचारतं की आमची यंदा नववीत डिबेटला गेलीय, मला जमेल का गं असं काही. दोघींना एकदाच उत्तर देऊन टाकते.

आधी जज व्हा, कोच नंतर

यात शिरायचा आईबापांसाठी दरवाजा एकच, पेरेंट जज. प्रत्येक शाळेने जितकी मुलं पाठवली त्या हिशोबात जजसुद्धा पाठवायचे असतात, साधारण दोन डिबेट टीममागे एक वगैरे, स्पर्धेगणिक आकडा बदलतो. त्यामुळे सप्टेंबरात कोचची ईमेल येते की पालकांनो मदत करा नाहीतर तुमचंच पोर जाऊ शकणार नाही. माझ्या गळ्यात हे २०१९ च्या सीझनला पडलं. टॅबरूम नावाची वेबसाइट आहे, तिथे अकाउंट काढायचं, नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशनचं फुकट ऑनलाइन ट्रेनिंग करायचं, आणि पॅराडाइम लिहायचा म्हणजे आपण जज म्हणून कसे आहोत ते चार ओळीत. मी लिहिलं होतं, मी नवीन आहे, प्लीज हळू बोला. कोणीही हळू बोललं नाही.

तेव्हा विषय होता युरोपियन युनियनने चीनच्या बेल्ट अँड रोड इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं बांधायच्या योजनेत, सामील व्हावं की नाही. समोर सूटबूट घातलेली पंधरा वर्षांची चार पोरं, आणि पहिल्या चार मिनिटांत माझ्या वहीत फक्त दोन शब्द, चीन आणि कर्ज. मग मी काय केलं, जी टीम मला जास्त शहाणी वाटली तिला जिंकवलं आणि बॅलटवर, म्हणजे जजच्या निकालाच्या कागदावर, लिहिलं छान बोललात. हरलेल्या टीममधली मुलगी राउंड संपल्यावर आली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, मॅडम, आमच्या दुसऱ्या मुद्द्याला त्यांनी दिलेलं कुठलं उत्तर तुम्हाला पटलं तेवढं सांगाल का, म्हणजे आम्ही सुधारू. मला तो दुसरा मुद्दा काय होता तेच माहीत नव्हतं हो. तिने महिनाभर त्यावर काम केलेलं आणि मी छान बोललात लिहून मोकळी. त्या दिवशी गाडीत बसून जी लाज वाटली ना ती मला कोच करून गेली असं म्हटलं तरी चालेल.

तर पहिली गोष्ट शिका ती म्हणजे फ्लो. लांबडा कागद आडवा घ्यायचा, प्रत्येक भाषणाला एक उभा रकाना, दोन बाजूंना दोन रंगांची पेनं. पहिल्या रकान्यात मुद्दा लिहिला की त्याला दुसऱ्या बाजूने काय उत्तर दिलं ते शेजारच्या रकान्यात त्याच्याच समोर, मग त्यावरचं प्रत्युत्तर त्याच्या पुढे, असा बाण सरकत जातो. जिथे रकाना मोकळा राहिला तिथे मुद्दा सुटला, त्याला इथे ड्रॉप झाला म्हणतात, आणि उत्तर दिलं नाही म्हणजे मान्य केलं असा नियम धरतात. हे हाताला बसायला मला निदान पंधरा राउंड लागले. पूर्ण वाक्य लिहायला गेलात की मेलात, स्वतःची शॉर्टहँड बनवा, मी तर निम्मं मराठीत लिहिते, "म्हणून", "पण" आणि "कशावरून" हे तीन शब्द इंग्रजीपेक्षा पटकन लिहून होतात.

आणि इथेच पहिली कमाई, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. ऑफिसात कॉलवर सवयीने फ्लो करायला लागले आणि दिसायला लागलं की तासाभराच्या मीटिंगमध्ये मूळ प्रश्न तिसऱ्या मिनिटाला ड्रॉप झालेला असतो, पुढची सत्तावन्न मिनिटं भलत्याच रकान्यात चाललेली असतात. मी फक्त एवढंच विचारायला लागले की अमुकने विचारलेलं त्याचं उत्तर राहिलं ना. त्या एका वाक्यावर माझं ऑफिसातलं वजन वाढलंय, इतक्या वर्षांच्या कोडिंगवर वाढलं नव्हतं तितकं.

एक धोक्याची सूचना पण. जज म्हणून नाव दिलंत की राउंडच्या वेळेला खोलीत हजर म्हणजे हजर. मी एकदा कॉफीच्या रांगेत उभी राहिले, फोन पर्समध्ये, पेअरिंग म्हणजे कोण कोणाशी, कुठल्या खोलीत आणि जज कोण ती यादी येऊन गेली, आणि माझा राउंड चुकला. त्याचा दंड शाळेला बसतो, पालकाला नाही. सोमवारी हेड कोच काही बोलला नाही, पण त्या न बोलण्यातच सगळं आलं.

कुठला इव्हेंट धरायचा

इव्हेंट म्हणजे स्पर्धेचा प्रकार. नवीन कोचची सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठ मुलं आणि दहा इव्हेंट. मुलांना सगळं करून बघायचं असतं, आपल्याला नाही म्हणवत नाही, आणि मग कोणालाच धड काही येत नाही.

माझं मत विचाराल तर एक डिबेट आणि एक स्पीच एवढ्यावर पहिलं वर्ष काढा. डिबेटमध्ये पब्लिक फोरम घ्या. दोघादोघांची टीम, चार मिनिटांची मुख्य भाषणं, मग क्रॉसफायर म्हणजे एकमेकांना प्रश्न, चार मिनिटं रिबटल म्हणजे समोरच्याच्या मुद्द्यांचं खंडन, तीन मिनिटं समरी, शेवटी दोन मिनिटांचा फायनल फोकस, आणि मध्ये प्रत्येक टीमला तयारीला तीन मिनिटं. विषय दोन महिन्यांनी किंवा महिन्याने बदलतो, आणि सामान्य माणसाला समजावा म्हणूनच हा प्रकार बनवलाय त्यामुळे आपल्यासारखी सामान्य माणसं पण शिकवू शकतात. लिंकन-डग्लस एकास एक असतं, नाव १८५८ च्या इलिनॉयमधल्या त्या सात वादविवादांवरून आलंय, आणि त्यात न्याय, स्वातंत्र्य वगैरे तत्त्वांची घुसळण जास्त, तत्त्वज्ञानाची आवड असली तर जरूर घ्या. पॉलिसी डिबेट मात्र नव्याने हातात घेऊ नका, वर्षभर एकच विषय, आठ-आठ मिनिटांची भाषणं आणि मुलं स्प्रेडिंग करतात म्हणजे इतक्या वेगाने वाचतात की आपल्या भटजींचं घाईच्या मुहूर्तावरचं मंगलाष्टक परवडलं. काँग्रेस नावाचा डिबेटचा आणखी एक प्रकार आहे, त्यात मुलं खासदार होऊन एकमेकांच्या बिलांवर बोलतात. ज्या मुलांना जोडीदार मिळत नाही किंवा जमत नाही त्यांना तिथे पाठवा, खुलतात.

स्पीचमध्ये ओरिजिनल ओरेटरी म्हणजे स्वतः लिहिलेलं, पाठ केलेलं दहा मिनिटांचं भाषण, त्यात दुसऱ्याचे शब्द जास्तीत जास्त १५० चालतात. एक्स्टेम्प हा माझा लाडका. चालू घडामोडींवरचे तीन प्रश्न चिठ्ठीतून निघतात, त्यातला एक निवडायचा, तीस मिनिटं तयारी आणि मग सात मिनिटं बोलायचं. आणि ड्युओ इंटरप बघाच एकदा, दोन मुलं मिळून नाटकाचा प्रवेश करतात, पण एकमेकांना हात लावायचा नाही आणि एकमेकांकडे बघायचंही नाही, दोघंही समोर बघून, आणि तरी त्या दोघांत मारामारी झालेली आपल्याला दिसते. प्रॉप्स नाहीत, कपडेपट नाही. ज्यांनी कॉलेजात एकांकिका केल्यात त्यांनी इंटरपचीच पोरं घ्यावीत, मी तर म्हणेन देवाने तुम्हाला त्याचसाठी पाठवलंय.

आपलं वक्तृत्व इथे चालतं का

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत १ ऑगस्टला टिळकांवर भाषण केलेलं आहे. सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, मग शेंगांची टरफलं, मग मुठी आवळून सिंहगर्जना, मग एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते. मला सहावीत त्यावर उत्तेजनार्थ मिळालं होतं, प्लास्टिकचा कंपास. तर या जोरावर मी पहिल्या वर्षी एका मुलाला ओरेटरी शिकवायला गेले, हात इथे वर, आवाज इथे चढव, इथे थांब आणि टाळ्यांची वाट बघ. त्याच्या बॅलटवर जजने लिहिलं की तू माझ्याशी बोलत नाहीयेस, निवडणूक लढवतोयस. वाचून मला आधी राग आला, जजला काय कळतंय. मग व्हिडिओ बघितला. खरंच होतं.

इथे खोलीत सहा-सात माणसं असतात, मैदान नसतं. त्यामुळे आपली ती सभेची पद्धत जशीच्या तशी आणू नका, पण एक गोष्ट जरूर आणा, पाठांतराची सवय. इथल्या मुलांना दहा मिनिटं पाठ करायची म्हणजे डोंगर वाटतो. मी त्यांना आपल्या पद्धतीने शिकवते, शेवटच्या परिच्छेदापासून मागे मागे पाठ करत यायचं, म्हणजे जसजसं भाषण पुढे जातं तसतसं जास्त घोटलेल्या भागात आपण शिरतो आणि शेवट कधी अडखळत नाही. साताऱ्याच्या बाईंनी शिकवलेलं जर्सीत चालतंय.

आणि अॅक्सेंट. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझा व्ही आणि डब्ल्यू अजून एकच आहे, मुलं एकमेकांकडे बघून हसतात, एकदा तर त्यांनी माझ्या तोंडून वेस्ट व्हर्जिनिया म्हणवून घ्यायची पैज लावली होती. काही बिघडत नाही. कोचला बोलून दाखवायचं नसतंच, ऐकायचं असतं. उलट माझा फायदा झाला, एखादं वाक्य मला पहिल्या झटक्यात कळलं नाही तर मी हात वर करते आणि मुलाला ते सोपं करावं लागतं, आणि जे मला कळतं ते शनिवारी समोर बसलेल्या कोरियन, नायजेरियन, गुजराती पेरेंट जजलाही कळतं.

सरावाला करायचं काय

शाळेत शिरायच्या आधी कागदपत्रं. बॅकग्राउंड चेक होतो, काही ठिकाणी बोटांचे ठसे घेतात, आणि अधिकृत कोच बहुतेक शाळांत शिक्षकच असतो, आपण त्याच्या हाताखाली. मुलांशी एकट्याने मेसेज करायचा नाही, ग्रुपवर बोलायचं, खोलीचं दार उघडं ठेवायचं. हे नियम कंटाळवाणे वाटले तरी पाळा, वाद नको.

आता सराव. आठवड्यातून दोनदा, दीड-दोन तास. माझा पहिल्या वर्षीचा सराव म्हणजे मी चाळीस मिनिटं बोलायचे, मुलं माना डोलवायची, मग एक-दोघं बोलायची आणि घरी. मी रात्री जागून आर्ग्युमेंट्स काढायचे, कागद छापून द्यायचे, वर रंगीत मार्कर. माझ्या मुलाची टीम माझंच बोलणं वाचून दाखवायची, आणि क्रॉसफायरमध्ये समोरच्याने एक प्रश्न विचारला की संपलं, कारण त्या कागदामागे उभं कोण होतं, मी, आणि मी तर कॅफेटेरियात पिझ्झा कापत होते. हे मला कळायला एक अख्खा सीझन गेला आणि त्याची किंमत माझ्या पोराने भरली, अजून बोलून दाखवतो.

त्यामुळे आता माझा नियम आहे, आर्ग्युमेंट मी देणार नाही. मी फक्त तीन प्रश्न विचारते: कशावरून, मग काय झालं, आणि दुसरी बाजू काय म्हणेल. बस. मूल अडकलं तरी गप्प बसायचं. एक मिनिट शांतता सहन करणं इतकं अवघड असतं म्हणून सांगू, आपली जीभ वळवळत असते, उत्तर आपल्याला माहीत असतं, आणि पुढ्यातलं पोर छताकडे बघत असतं. बसा तशीच. त्यातून जे येतं ते बहुतेक वेळा आपल्या उत्तरापेक्षा कच्चं असतं पण ते त्याचं असतं, आणि शनिवारी तेच टिकतं.

२०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरचा विषय होता अमेरिकन सरकारने हायस्पीड रेल्वेत भरपूर गुंतवणूक वाढवावी. सगळ्या टीम कॅलिफोर्नियाचं उदाहरण घेऊन आलेल्या, २००८ साली मतदारांनी कर्जरोख्यांना मान्यता दिली आणि रेल्वे अजून धावायचीय वगैरे. मी मनात म्हणत होते की कोणीतरी मुंबई-अहमदाबाद काढा रे, जपानचं ०.१ टक्क्याचं पन्नास वर्षांचं कर्ज, ५०८ किलोमीटर, सगळा मसाला आहे, पण बोलले नाही. आणि तिसऱ्या आठवड्यात एका पोलिश आडनावाच्या मुलीने स्वतःच शोधून काढलं आणि मलाच विचारलं, मिसेस के, तुमच्याकडे जमीन घ्यायला इतकी वर्षं का लागली. मग मी पालघर सांगितलं, चिकूच्या बागा सांगितल्या. तिने ते विरोधी बाजूला वापरलं आणि त्याच दुपारी नाणेफेक हरल्यावर विषयाच्या बाजूने पण बोलली, तितक्याच जोरात.

हो, ते सांगायचं राहिलं. पब्लिक फोरममध्ये नाणं उडवतात, जिंकणारा बाजू निवडतो किंवा आधी बोलायचं की नंतर ते निवडतो, उरलेलं दुसऱ्याला. म्हणजे दोन्ही बाजू तयार लागतात. आपल्या काही पालकांना हे फार खटकतं, एका बाबांनी मला विचारलं होतं की तुम्ही पोरांना खोटं बोलायला शिकवता का. मला उलट वाटतं. जी बाजू मनातून पटत नाही तिचं सगळ्यात चांगलं रूप स्वतःच्या तोंडाने मांडलेलं मूल घरी जेवताना समोरच्याचं वाक्य अर्धं तोडत नाही. मोठ्यांमध्ये मला अशी माणसं फार भेटत नाहीत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एकही नाही.

बाकी ड्रिल्स पटापट सांगते. बोलणं अस्पष्ट असेल तर दातात पेन धरून एक पान वाचायचं, मग पेन काढून तेच पान. नवीन मुलांसाठी डब्यात चिठ्ठ्या, "शाळेत चप्पल चालावी का" असले विषय, दोन मिनिटं बोलायचं, हसायचं, लाज मोडते. पुराव्याचं कार्ड म्हणजे उतारा, लेखक, तारीख, कुठून घेतलं ते सगळं, आणि मूळ लेखात काय म्हटलंय ते मुलाने पूर्ण वाचलेलं असलंच पाहिजे. मधलंच वाक्य उचलून अर्थ फिरवला तर राउंड जातोच पण नावही जातं. चॅटबॉटकडून लिहून आणलेली केस, म्हणजे आपल्या बाजूचं तयार भाषण, मी परत देते, कारण नैतिक वगैरे नाही, साधं कारण, माझ्या पहिल्या वर्षीच्या रंगीत कागदांची तीच गत झाली होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं ड्रिल म्हणजे रीडू. शनिवारी हरलेल्या राउंडचा फ्लो सोमवारी बाहेर काढायचा आणि तेच रिबटल परत द्यायचं. परत. आणि परत. तिसऱ्या वेळेला मूल जे बोलतं ते ऐकून ते स्वतःच म्हणतं, अरे हे आपण जिंकलो असतो. दुसरं काही नाही केलंत तरी चालेल, हे करा.

शनिवार

पहाटे पावणेसहाला शाळेच्या पार्किंगमध्ये बस, जानेवारी असला तर अंधार आणि बर्फ. कोणीतरी टाय विसरलेला असतो, म्हणून माझ्या गाडीत नवऱ्याचे चार जुने टाय कायम. सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या पालकांच्या परवानगीशिवाय नाही, फोनचे चार्जर, कागदाचा गठ्ठा, आणि खाणं. स्पर्धेत दुपारी पिझ्झा मिळतो, तो पण संपतो. मी चिवडा नेते, मोठा डबा, पहिल्या वर्षी फक्त देशी पोरं हात घालायची, आता बसमध्ये चढल्या चढल्या सगळेच विचारतात ते यलो स्नॅक आणलंय का.

दिवसाचा निम्मा वेळ वाट बघण्यात जातो हे आधीच मान्य करा. पेअरिंग उशिरा येतं, राउंड लांबतात, संध्याकाळी पाचचं बक्षीस वितरण सातला होतं. सुरुवातीला मी लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम उरकायचे. मग लक्षात आलं की त्या कॅफेटेरियातच सगळं घडत असतं. स्वतःच्या घरात हूं आणि नाही यापलीकडे न बोलणारं सोळा वर्षांचं पोर दोन राउंडच्या मधल्या अर्ध्या तासात मला ओपेक, घटस्फोट आणि आवडणारी मुलगी हे तिन्ही विषय सांगून मोकळं होतं, कारण मी त्याची आई नाही आणि मार्क देणारी टीचरही नाही. ही जागा फार थोड्या मोठ्यांना मिळते. माझा स्वतःचा मुलगा बाजूच्या टेबलावर दुसऱ्या कोचशी असाच बोलत असायचा, मला ते दिसायचं, मी तिकडे जायचे नाही.

२०२०-२१ चं वर्ष सगळं ऑनलाइन झालं, वर कोट आणि टाय, खाली पायजमा, मागे कुत्रं. त्या वर्षी बस नव्हती, चिवडा नव्हता, आणि मुलं पटापट सोडून गेली. स्पर्धा तीच होती, विषय मेडिकेअर फॉर ऑल म्हणजे सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा यासारखा जबरदस्त होता, पण वाट बघणं नव्हतं ना.

हरल्यावर

पाच राउंड, पाच हार. असा शनिवार प्रत्येक मुलाला एकदा तरी येतोच. बसमध्ये येताना काहीही शिकवू नका. मी हे चुकून शिकले, एका मुलीला मी बसमध्येच समजावायला लागले की तुझी समरी कुठे घसरली, तिने खिडकीकडे तोंड केलं आणि अख्खा टर्नपाइक, म्हणजे इथला हायवे, रडली. हरलेल्या माणसाला चिवडा द्या. बॅलट्स सोमवारी.

आणि जिंकल्यावरही जरा सांभाळा. इथे काही पालकांना कॉलेज अॅप्लिकेशनवर लिहायला ट्रॉफी हवी असते, ते कोचला विचारतात की माझ्या मुलाला जोडीदार बदलून द्या, तो दुसरा कच्चा आहे. मी एकदा ऐकलं आणि बदलला. दोन्ही मुलं दुखावली आणि ब्रेक तर झालाच नाही, ब्रेक म्हणजे प्राथमिक फेऱ्यांतून पुढे जाणं. तेव्हापासून जोड्या हेड कोच आणि मुलं मिळून ठरवतात, पालकांना फक्त कळवलं जातं.

बरं, हिशोबाने काय मिळतं

लिखित हिशोबही आहे बरं का. ती ट्रेनिंगवाली नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन १९२५ साली विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजातल्या ब्रूनो जेकब यांनी सुरू केली, तेव्हा नाव नॅशनल फोरेन्सिक लीग, २०१४ मध्ये नाव बदललं, पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३१ ला तिथेच रिपनला झाली. यात मुलांना पॉइंट मिळतात, डिबेट जिंकली तर सहा आणि गंमत म्हणजे हरली तरी तीन. म्हणजे आपल्याकडच्या उत्तेजनार्थसारखं, पण प्रत्येकाला आणि प्रत्येक राउंडला. आणि मुलांच्या पॉइंटांचा दहावा हिस्सा कोचच्या खात्यात जमा होतो. म्हणजे एखादं पोर पाच राउंड हरून पंधरा पॉइंट घेऊन आलं की मला दीड. त्या टर्नपाइकभर रडलेल्या मुलीचे दीड पॉइंट माझ्या खात्यावर आहेत, मी बघते कधी कधी.

मोठी नावं सांगायची तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या जस्टिस केटांजी ब्राउन जॅक्सन मायामी पाल्मेटो हायस्कूलच्या डिबेट टीममध्ये होत्या, १९८८ ला त्यांनी ओरेटरीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि आपल्या कोच फ्रॅन बर्गर यांचं ऋण त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. छान वाटतं ऐकायला. पण हे डोळ्यापुढे ठेवून कोच होऊ नका, आपल्या टीममधून कोणी सुप्रीम कोर्टात जाईल न जाईल, आपल्याकडे येणारं पोर बहुतेक वेळा फक्त वर्गात हात वर करता यावा एवढ्यासाठीच आलेलं असतं. माझ्याकडे एक मुलगा दोन वर्षं होता, एकही ट्रॉफी नाही. सिनियर इयरला म्हणजे बारावीत, आजोबा होते त्या हॉस्पिटलमध्ये आई-वडिलांना इंग्रजी कमी म्हणून डॉक्टरांशी तोच बोलला, आणि त्याने मला नंतर सांगितलं की मी फ्लो केला, डॉक्टरने माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं दिलीच नव्हती म्हणून परत विचारलं. कुठल्या खात्यात मांडायचं हे.

मागच्या वर्षी कॉलेजच्या सुट्टीत आमची एक जुनी मुलगी सरावाला आली, तीच, कॅलिफोर्निया सोडून मुंबई-अहमदाबाद शोधणारी. मागच्या बाकावर बसली, सवयीने कागद आडवा घेतला. एका नववीच्या मुलाने रिबटल दिलं, मग मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या, खरंच दोनच. ती संपल्यावर माझ्याकडे आली आणि कागद पुढे केला. दोन रकाने, दोन रंग, वर वेळ टाकलेली. मिसेस के, म्हणाली, त्याचं रिबटल चार मिनिटं, तुमच्या दोन गोष्टी अकरा मिनिटं, आणि त्याने मध्ये एक प्रश्न विचारला होता तो तुम्ही ड्रॉप केलात.

तो मुलगा अजून वर्गातच होता, बॅग भरत. मी त्याला हाक मारली आणि म्हटलं, तू मघाशी काहीतरी विचारत होतास.